घरच्या शाळेचं दिनमान

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत भिंतीवर एक तक्ता चढतो. आठ ते पावणेनऊ गणित, पावणेनऊ ते साडेनऊ इंग्रजी, मधे दहा मिनिटं दूध-बिस्कीट, मग परिसर अभ्यास. स्केचपेननं रंगवलेला, कडेला वेलबुट्टी काढलेला. सोमवार बरा जातो. मंगळवारी सिलेंडर येतो, बुधवारी आत्या येतात, गुरुवारी पोराचं पोट दुखतं आणि शुक्रवारपर्यंत तक्ता नुसता शोभेचा उरतो. त्यानंतर जे सुरू होतं ते तक्त्यापेक्षा वाईट: रोज सकाळी नव्यानं घासाघीस. आज आधी काय, किती वेळ, खेळून आल्यावर केलं तर चालेल का. या घासाघिशीतच आईचाही दम निघतो आणि मुलाचाही. अभ्यास बाजूलाच.

तक्ता कोसळतो त्यात मुलाचा आळस क्वचितच असतो. शाळेचं वेळापत्रक चाळीस-पन्नास मुलांना एका खोलीत सांभाळण्यासाठी बेतलेलं असतं. हजेरी, वह्या गोळा करणं, गोंगाट शांत करणं, पाणी प्यायला जाणं, मागं पडलेल्यांसाठी थांबणं हे सगळं त्या पस्तीस मिनिटांच्या तासात बसवलेलं असतं. घरी समोरासमोर बसल्यावर यातलं काहीच नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला बसून करायचं काम दिवसाकाठी तासभर पुरतं, तेही पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन तास, तुकडा पंचवीस मिनिटांचा. बारा-तेराव्या वर्षी तीन, फार तर साडेतीन तास. याहून जास्त बसवलं की हात चालत राहतो, डोकं थांबलेलं असतं, आणि वहीत त्याचा पुरावा दिसतो: पहिल्या पाच गणितांत एक चूक, शेवटच्या पाचांत चार.

शाळेतून काढून घरी आणलेल्या मुलाचं आणखी एक असतं. त्याला आधी मोकळं व्हायला वेळ लागतो. शाळेत गेलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना, असा घरी शिकवणाऱ्यांत रुळलेला अंदाज आहे. तो काही शास्त्र नव्हे, पण चौथीतून काढलेल्या मुलाला पहिले तीन-चार महिने गोष्टी, खेळ, सायकल आणि स्वयंपाकघर एवढ्यावर ठेवलं तर बिघडत काही नाही. पालकांनाच तेवढा धीर निघत नाही, ही खरी अडचण.

आता दिवसाकडे. प्रत्येक घरात काही गोष्टी कुणी न सांगता रोज होतात: न्याहारी, दुपारचं जेवण, चारचा चहा. अभ्यास या खुंट्यांना टांगायचा. ‘साडेआठला गणित’ असं न म्हणता ‘न्याहारीच्या ताटल्या विसळल्या की गणित’ असं ठरवायचं. न्याहारी साडेआठला होवो की साडेनऊला, पुढं काय ते ठरलेलं असतं, त्यामुळे घासाघिशीला जागाच उरत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळ्या असलेल्या घरांना तर घड्याळाचा तक्ता पेलतच नाही. सात ते तीनच्या पाळीत वडील चहाच्या वेळेला हाताशी असतात, तीन ते अकराच्या पाळीत सकाळी. मग वडिलांकडचा विषय, समजा विज्ञान, एका आठवड्यात चहाच्या खुंटीवर आणि दुसऱ्या आठवड्यात न्याहारीच्या. बाकी काही हलवायचं नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी बारापर्यंत घरात आवाज चालत नाही. तेव्हा मोठ्यानं वाचायचं, पाढे म्हणायचं ते सगळं चहाच्या खुंटीवर सरकवावं आणि सकाळी फक्त लेखी काम.

खुंट्या तीनच ठेवाव्यात. चौथी लावली की कुठली तरी एक रिकामी राहते आणि रिकामी राहिलेली खुंटी घरभर चिडचिड पसरवते.

न्याहारीनंतर गणित आणि लेखन, कारण डोकं ताजं असतं. त्यातही आधी गणित. सुरुवात कालच्या पक्क्या झालेल्या दोन गणितांनी, मग नवीन, आणि शेवट नेहमी बरोबर आलेल्या गणितावर. चुकलेल्या गणितावर वही मिटली की दुसऱ्या दिवशी ती उघडताना मूल तोंड वाकडं करतं. लेखन लहान मुलाला तीन ओळींचं पुरतं, पण त्या तीन ओळी सुवाच्य आणि काना-मात्रा तपासून. जेवणाआधी भाषा: मोठ्यानं वाचून दाखवणं, मग मुलानं तेच स्वतःच्या शब्दांत सांगणं. भाजी निवडता निवडता हे सहज होतं. एरवी विचारायला सुचणार नाहीत असे प्रश्न मेथीची जुडी हातात असताना सुचतात.

जेवणानंतर एक ते चार या वेळात कोल्हापुरातली निम्मी दुकानंसुद्धा शटर ओढतात. आजी-आजोबा आडवे झालेले असतात. या वेळेशी भांडू नये. मुलानं एकट्यानं, न बोलता करायचं ते इथं: स्वतःचं वाचन, चित्र, माती, शिवण, लाकूडकाम. मोबाईलवर काही पाहायचं असेल तर तेही इथंच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, दीक्षा ॲपवर धडे आहेत. हे सकाळी लावलं की घोटाळा होतो, कारण हलत्या चित्रावरून वहीकडे परत येणं मुलाला जड जातं आणि पुढचा तास रडारडीत जातो. दुपारी पाहिलं तर पुढं चहा आणि खेळच असतो.

पाच वाजल्यापासून काही म्हणजे काही ठेवायचं नाही. गल्लीतली पोरं तेव्हा शाळेतून येऊन दप्तर फेकून बाहेर पडलेली असतात. पेठेत फुटबॉल असतो, कुणाची तालीम असते, रंकाळ्यावर सायकली असतात. ‘मुलं एकलकोंडी होतील’ या नातेवाइकांच्या आवडत्या प्रश्नाचं उत्तर या वेळेत आहे. अभ्यास राहिला म्हणून पाचनंतर मुलाला अडकवलं की त्या प्रश्नात मग खरंच तथ्य यायला लागतं.

राहिलेल्या अभ्यासाचं काय? लवचिक दिवस सगळ्यात जास्त इथंच मोडतात. मंगळवारचं बुधवारी ओढलं, बुधवारचं आणि मंगळवारचं मिळून गुरुवारी. शनिवारी एवढी थकबाकी साचते की कुणालाच सुरुवात करवत नाही. त्यामुळे नियम कडक ठेवावा: थकबाकी माफ. हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा. एका कागदावर आठवड्याचे चौकोन आखायचे: गणिताचे पाच, वाचनाचे सहा, लेखनाचे तीन, इंग्रजीचे चार, विज्ञान-इतिहासाचे लांब बैठकीचे दोन. झालं की फुली. सहा दिवसांत गणिताचे पाचच चौकोन असल्यामुळे एक दिवस आत्यांच्या नावानं आधीच सोडलेला असतो. शनिवारी जे चौकोन कोरे उरले ते कोरेच फाईलला लावायचे. तीन आठवडे सलग लेखनाचाच चौकोन कोरा राहत असेल तर मुलाला ओरडण्याआधी लेखनाची जागा बदलून पाहावी. बहुधा ते गणिताच्या पाठीला चिकटलेलं असतं आणि हात दमलेला असतो.

याच्या जोडीला एक ‘किमान दिवस’ लिहून फ्रिजला चिकटवून ठेवावा. कुणी आजारी, कुठं लग्न, वीज नाही, पाहुणे मुक्कामाला, असा दिवस. गणिताचं एक पान, दहा मिनिटं मोठ्यानं वाचन, वहीत तारीख घालून एक ओळ. चाळीस मिनिटांत आटपतं. आईबापांपैकी कुणी घरी नसेल तर आजोबाही करून घेऊ शकतील इतकं ते सोपं हवं. धोका एकच: किमान दिवस फार सोयीचा असतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो काढावा लागला आणि असं महिनाभर चाललं, तर नेहमीचा दिवस पेलण्यापेक्षा जड बेतलेला आहे असं समजावं आणि त्यातलं एक काढून टाकावं. वाढवू नये. वाढवायचा मोह जूनमध्ये होतो, शेजारच्या मुलांची नवी पुस्तकं पाहून.

आता जरा अवघड मुद्दा. घरात मुलाचा दिवस मोडतो तो बहुतेक वेळा मोठ्यांमुळे. न्याहारी झाली, ताटल्या विसळल्या, मूल वही घेऊन बसलं आणि आईच्या फोनवर मावशी. अर्धा तास गेला. मुलाला अर्थ कळतो: ही वेळ खरी नाही. कोल्हापुरात घरी शिकवतो म्हटलं की जुनी माणसं हमखास शाहू महाराजांचं नाव काढतात, आणि बरोबरच काढतात. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ज्यांना शाळेचं दारच बंद होतं त्यांच्यासाठी ती सक्ती होती. पुस्तकांनी भरलेल्या घरानं शाळा नको म्हणणं ही त्या मानानं चैन आहे, हे मान्य करूनच बोलावं. पण त्या हुकमातली एक गोष्ट घरच्या शाळेला जशीच्या तशी लागू पडते. दंड पोराला नव्हता, बापाला होता. घरातल्या दिनक्रमातही शिस्त आधी मोठ्यांना लावायची: सकाळच्या तासाला फोन दुसऱ्या खोलीत, दूधवाला-पेपरवाल्याचा हिशेब संध्याकाळी, आणि आठवड्यातल्या प्रत्येक खुंटीवर कुणाचं नाव आहे ते लिहिलेलं. सगळ्या खुंट्यांवर आईचंच नाव असेल तर दिवाळीपर्यंत आई थकते आणि जानेवारीत शाळेची चौकशी सुरू होते.

दोन मुलं असली तर धाकट्याला आधी घ्यावं. पाच वर्षांच्या मुलाला पहिली वीस मिनिटं पूर्ण मिळाली की तो पुढचा पाऊण तास आपल्या नादात राहतो. आधी मोठ्याला घेतलं तर तो दर तीन मिनिटांनी येऊन पेन्सिल मागतो. वाचून दाखवणं, इतिहास, विज्ञान दोघांना एकत्र. गणित आणि लेखन वेगवेगळं. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक सहा वर्षांचं मूलही ऐकतं, आणि सिद्दी जौहरच्या वेढ्याचं प्रकरण ऐकून पन्हाळ्यावर नेलं तर मोठ्याला नकाशा आणि धाकट्याला तिथली अंधारबाव ही विहीर असं दोघांचं भागतं.

या गावात राहून विज्ञान-भूगोलाच्या लांब बैठकीला विषय शोधावा लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगा असते. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी जुलै-ऑगस्टमध्ये रोज पेपरात येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आलेख-कागदावर आडवी तारीख, उभे फूट, एक सेंटिमीटरला एक फूट; ३९ वर पिवळी रेघ, ४३ वर लाल. रोज सकाळी एक ठिपका. इथं जवळपास प्रत्येक मूल एक चूक करतं, आणि ती व्हायलाच हवी: ३९ फूट ६ इंच हे ते ३९.६ म्हणून मांडतं. आलेख-कागदावर एका सेंटिमीटरचे भाग दहा, आणि फुटाचे इंच बारा. ६ भागिले १२ म्हणजे अर्धा, म्हणजे ३९.५. अकरा इंचांना तर गाडी पूर्णच अडते; ३९.११ लिहिलं की ठिपका ३९ फूट २ इंचांच्याही खाली जातो आणि नदी वाढत असताना आलेख उतरतो. ते उतरलेलं पाहून मूल स्वतःच विचारतं. दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

मग राधानगरीचे दरवाजे. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की माणसानं हात न लावता उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग असं बातमीत येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. गुणाकार करून पाहायचा: सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. दरवाजा कधी उघडला ते आलेखावर बाणानं दाखवायचं आणि बंधाऱ्यावरचा ठिपका किती तासांनी वर गेला ते पाहायचं. पाणी भोगावतीतून पंचगंगेत येईपर्यंत लागणारा वेळ मुलाच्या कागदावर दिसतो. पातळी इशाऱ्याच्या वर गेली की नदीकाठच्या घरांत मात्र अभ्यास बंद. सुतारवाडा किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ पाहिलं आहे. तिथं तेव्हाचा पाठ म्हणजे कागदपत्रं पिशवीत आणि पुस्तकं वर, एवढाच.

नोव्हेंबरमध्ये किरणोत्सव. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं वर्षातून दोनदा येतात, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. देवळातल्या गर्दीत जायलाच हवं असं नाही, पण प्रश्न घरी आणावा: दोनदाच का, आणि याच तारखांना का? कॅलेंडर घेऊन दिवस मोजायचे. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४१. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या कोनातून जातो, उत्तरेकडे परतताना त्याच कोनातून येतो. मावळतीची जागा त्या दिवसांत ठीक पश्चिमेपासून दक्षिणेकडे साधारण १८ अंश असते. गच्चीवर हे पडताळता येतं. पश्चिमेकडून ऊन येणाऱ्या जागी एक काठी, मागच्या भिंतीवर मावळतीच्या अर्धा तास आधी काठीच्या सावलीची खडूनं खूण, शेजारी तारीख. मावळतीची वेळ पंचांगातून घ्यायची, ठरावीक घड्याळी वेळ धरू नये, नाहीतर डिसेंबर-जानेवारीतल्या खुणा फसवतात. आठवड्यातून एक खूण, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, सावलीकडेच. डिसेंबरच्या शेवटी खुणा एकमेकींना जवळजवळ चिकटतात आणि मग माघारी फिरतात. ढग किंवा धुरकट हवा असली तर त्या आठवड्याची खूण राहते. देवळातही किरणं कधी कधी मुखापर्यंत पोचत नाहीत, त्याची कारणं अशीच, शिवाय वाटेतले इमारतींचे अडथळे.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं असतात. सकाळी काहील उकळत असताना जावं, गुळव्याला विचारूनच जवळ जावं, मुलाला हात धरूनच उभं करावं. एक टन उसाला साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ पडतो. उरलेलं कुठं गेलं याचा शोध हाच त्या दिवसाचा शेकडेवारीचा तास.

वर्षाची बांधणी शाळेसारखी असायची गरज नाही. सहा आठवडे काम, सातवा हलका, असे सहा फेरे केले की कामाचे छत्तीस आठवडे भरतात आणि तरीही गणपती, नवरात्र, दिवाळी, मे महिना यांना भरपूर जागा उरते. हलक्या आठवड्यात करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात एक पूर्ण सकाळ काढावी. १८५० पासून चालत आलेली संस्था आहे, मुलाला कपाटांमधून नुसतं फिरू दिलं तरी चालतं.

नोंदी मात्र टाळू नयेत. दोनशे पानी वही, रात्री जेवणानंतर पाच मिनिटं, तारीख आणि तीन ओळी: काय झालं, काय अडलं, उद्या कुठून सुरू. महिन्याला प्रत्येक विषयाचं एक पान फाईलला. याचा उपयोग पुढं कागदपत्रांच्या वेळी होतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्याच्या कलम १० मध्ये लिहिलेलं आहे, पण न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाला वेगळी परवानगीही त्यात नाही. या पोकळीत आपण उभे आहोत हे माहीत असावं. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा सरळ रस्ता: १४ वर्षं पूर्ण, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय दोन-दोन करून सोडवता येतात. मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूल एखाद्या वर्षासाठी जरी शाळेत गेलेलं असेल तरी तो मूळ दाखला जपावा.

तेराव्या वर्षापासून दिवसाचा क्रम थोडा आवळावा लागतो. एनआयओएसच्या विषयांना गृहपाठासारख्या मूल्यांकनाचे २० टक्के असतात, ते वेळेत पाठवायचे असतात, आणि तीन तासांचा पेपर बसून लिहिण्याची सवय दोन महिन्यांत लागत नाही. आठवड्यातून एकदा, न्याहारीच्या खुंटीवर, आधी एक तास, मग दीड, मग अडीच असं वाढवत न्यावं.

आणि काही मुलं दहाव्या-अकराव्या वर्षी स्वतःहून म्हणतात, मला शाळेत जायचंय. जाऊ द्यावं. कायद्यानं वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, मागं पडलेल्या विषयांसाठी खास शिकवणीचीही तरतूद आहे. तयारी अभ्यासापेक्षा दिवसाची करावी लागते, आणि ती मे महिन्यात सुरू करावी: सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, पस्तीस मिनिटं एका जागी, फळ्यावरून वहीत उतरवून घेणं, कारण घरी हे कधी करावं लागलेलं नसतं. आणि वीस मिनिटांत डबा संपवणं. घरी पाऊण तास जेवणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जड जातो तो डबाच.